इसिसॉरस की टायटॅनोसॉरस? फलकावर कोणतं नाव, आणि ते लिहायचं कसं?

पारसिक_पायथा (कळवा, ठाणे)

नमस्कार मंडळी. कळव्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'महाराष्ट्रातले प्राचीन सरीसृप' असा एक कोपरा करायचा आहे. मुले सातवी ते नववीची. मुख्य फलक चंद्रपूर जिल्ह्यात सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरचा, आकार ४ फूट बाय ३ फूट, फ्लेक्सवर. समोर टेबलावर शाडूचं मॉडेल ठेवणार आहोत. मजकूर जमवताना चार ठिकाणी गाडी अडली आहे.

एका पुस्तकात या प्राण्याचं नाव 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' आहे, दुसरीकडे 'इसिसॉरस कोलबर्टी'. प्राणी एकच की दोन? काही ठिकाणी नावापुढे दोन संशोधकांची नावं आणि १९९७ हे साल कंसात दिलंय, काही ठिकाणी कंस नाही. त्याला काही अर्थ आहे का? तिसरं, याचं 'मूळ' म्हणून नेमकं काय लिहावं, गाव, थर की खंड? आणि चौथं, मुलांनी मुंब्र्याच्या डोंगरातून नारळाएवढे गोल दगड आणलेत, साल सुटल्यासारखे पापुद्रे असलेले. ती डायनासोरची अंडी आहेत असं त्यांचं ठाम मत आहे. मांडायची का?

फलक शुक्रवारी छापायला द्यायचा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

नामपट्टी

प्राणी एकच. आजचं ग्राह्य नाव इसिसॉरस कोलबर्टी. टायटॅनोसॉरस कोलबर्टी हे त्याचं पहिलं नाव. ते खोटं नव्हतं, पण आता वापरात नाही. फलकावर मोठ्या अक्षरात इसिसॉरस आणि खाली लहान अक्षरात 'पूर्वीचं नाव टायटॅनोसॉरस कोलबर्टी' एवढं द्या, म्हणजे जुनं पुस्तक वाचून आलेला मुलगा गोंधळणार नाही.

नाव का बदललं हे फलकावर दोन ओळींत यायलाच हवं, कारण खरी गंमत तिथेच आहे. १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत मोठाले मणके मिळाले. 'डायनासोर' हा शब्दच १८४२ चा, त्यामुळे ते काय आहे हे तेव्हा कुणाला सांगता येणं शक्यच नव्हतं. हाडं कोलकात्याला गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी शेपटीच्या दोन मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं नाव दिलं. या मणक्यांची खूण अशी: पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची गोळ्यासारखी फुगीर. एका मणक्याचा गोळा मागच्या मणक्याच्या वाटीत बसतो. त्या काळी माहीत असलेल्या महाकाय सरीसृपांत ही रचना वेगळी उठून दिसत होती, म्हणून स्वतंत्र प्रजाती (इंग्रजीत जीनस; तिच्याखाली जाती, म्हणजे स्पीशीज, येतात).

पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत असे मणके अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, अगदी लाओसपर्यंत मिळत गेले, आणि वाटी-गोळा दिसला की 'टायटॅनोसॉरस' असा शिक्का बसू लागला. होता होता या एका नावाखाली १४ जाती गोळा झाल्या आणि त्यांचा काळ सुमारे ६ कोटी वर्षांवर पसरला. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळं तपासलं. निष्कर्ष असा, की ज्या खुणेवर मूळ नाव उभं होतं ती एका प्रजातीची खूण राहिलेलीच नाही, ती अख्ख्या गटात आढळते. फक्त त्या दोन मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हा इतरांपासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून ते नाव संशयित ठरलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून लायडेकर यांनीच १८७९ मध्ये दिलेलं 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी' हे नावही त्याच कारणाने बाद.

चंद्रपूरच्या प्राण्याचं तसं नव्हतं. त्याचा सांगाडा भरपूर आहे, खुणा स्वतःच्या आहेत. जात पक्की, पण प्रजातीचं घर मोडलेलं. अशा वेळी जातीचं नाव तसंच ठेवून नवी प्रजाती करतात. विल्सन-अपचर्च यांनी तिला 'इसिसॉरस' म्हटलं. पहिली तीन रोमन अक्षरं म्हणजे आय.एस.आय., अर्थात कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. सांगाडा तिथल्या भूविज्ञान विभागाने काढला. 'सॉरस' हा ग्रीकमधला नेहमीचा शेवट. 'कोलबर्टी' हे अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ एडविन कोलबर्ट यांच्या सन्मानार्थ.

आता कंस. संपूर्ण उल्लेख असा:

इसिसॉरस कोलबर्टी (जैन आणि बंदोपाध्याय, १९९७)

सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. कंसाचा अर्थ ठरलेला आहे: या दोघांनी ही जात पहिल्यांदा दुसऱ्याच प्रजातीत ठेवली होती, नंतर ती हलवली. प्रजाती बदलली नसती तर कंस नसता. गुजरातच्या मांसाहारी डायनासोरच्या, राजासॉरस नर्मदेन्सिसच्या नावापुढे 'विल्सन आणि इतर, २००३' असं बिनकंसाचं येतं, कारण तो जन्मापासून राजासॉरसच आहे. म्हणजे कंस घालणं-न घालणं ही लिहिणाऱ्याची आवड नव्हे. चुकला तर इतिहास चुकतो. अपचर्च आणि विल्सन यांची नावं जातीपुढे लावू नका. ती फक्त प्रजातीचं नाव एकटं लिहिलं तर त्यापुढे येतात.

छपाईच्या बाबतीत, जिथे हमखास घोळ होतो त्या जागा सांगतो.

शास्त्रीय नाव नियमाने रोमन लिपीत असतं. फलक मराठी असला तरी एकदा तरी रोमनमध्ये द्या, वर किंवा खाली देवनागरी उच्चार. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं पहिलं अक्षर लहान, मग ते माणसाच्या किंवा नदीच्या नावावरून का असेना. टाइप करताना संगणक आपणहून दुसऱ्या शब्दाचं अक्षर मोठं करतो, विशेषतः नाव दोन ओळींत तुटलं तर. त्यामुळे नाव एकाच ओळीत बसेल असा आकार ठेवा. मथळा सगळा मोठ्या अक्षरांत करायची हौस डीटीपीवाल्यांना असते. शास्त्रीय नावाला ती चालत नाही, कारण मोठं-लहान हा फरकच पुसला जातो.

दोन्ही शब्द तिरप्या अक्षरात, संशोधकांची नावं आणि साल सरळ अक्षरात. देवनागरीला तिरपं करू नका; बहुतेक फॉन्टमध्ये ते नुसतं ओढून वाकवलेलं दिसतं, वेलांट्या बाजूच्या अक्षरावर आपटतात. देवनागरी सरळच ठेवा, हवं तर ठळक. वर्डमधून कोरलमध्ये मजकूर उचलून टाकला की तिरपेपणा पुष्कळदा उडतो. म्हणून फाइल अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) द्या आणि छापण्याआधी तो एकच शब्दसमूह मोठा करून बघा. मुलं हाताने तक्ता लिहिणार असतील तर तिरप्याऐवजी दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ मारायची, सलग नाही.

पुढे उल्लेख पुन्हा आला तर प्रजातीचं एकच आद्याक्षर, टिंब आणि जातीचं नाव चालतं. नुसतं 'इसिसॉरस' चालतं. नुसतं 'कोलबर्टी' मात्र कधीच नाही. कोलबर्ट यांच्या नावाच्या इतर प्राण्यांच्याही जाती आहेत.

लमेटा

नामपट्टी यांनी नावाचं सांगितलं, मी मुळाचं सांगतो. 'मूळ' या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि फलकावर त्या एकाच वाक्यात कोंबल्या की चुका होतात.

जागा: डोंगरगाव, तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर. पिसदुरा याच भागातलं, पण वेगळं ठिकाण. बरेच जण 'पिसदुऱ्याचा इसिसॉरस' लिहितात. नमुना डोंगरगावचा आहे. १९८४ ते १९८६ या काळात उत्खनन झालं. हाडं विखुरलेली नव्हती, बरीचशी एकमेकांना जोडलेल्या स्थितीत मिळाली, आणि भारतातल्या टायटॅनोसॉरांमध्ये (इसिसॉरस ज्या लांब मानेच्या डायनासोरांच्या गटात येतो त्यात) हेच दुर्मीळ आहे. मानेचे, पाठीचे, कमरेचे, शेपटीचे मणके, बरगड्या, कंबरेचा सांगाडा, खांद्याची हाडं आणि डावा पुढचा पाय आहे. कवटी नाही, मागचे पाय नाहीत, पाऊल नाही. दंडाचं एकटं हाड १४८ सेंटिमीटर लांब. हा आकडा फलकावर जरूर घाला आणि बाजूला तेवढ्या उंचीची पट्टी आखा. सातवीची मुलं स्वतःची उंची त्याला लावून बघतील. लांबी बहुतेक ठिकाणी १८ मीटरच्या आसपास देतात; 'अंदाजे' हा शब्द गाळू नका. वजन मी तर टाकणारच नाही. मागचे पायच नसताना टनांचा आकडा हिशेबाच्या रीतीप्रमाणे फार बदलतो.

थर: लमेटा. जबलपूरजवळ नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून हे नाव पडलं. जबलपूर, नर्मदेचं खोरं, गुजरातचा खेडा-बालासिनोर भाग आणि आपला चंद्रपूर-नागपूर पट्टा इथे तुकड्यातुकड्यांत हे थर दिसतात. नदी, तळी आणि त्यांच्या काठची माती असं यांचं स्वरूप. डोंगरगाव-पिसदुऱ्याकडे लालसर-हिरवट चिकणमाती लागते, तिच्यात मासे आणि कासवांचेही अवशेष आहेत. काळ क्रिटेशसचा (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाचा) अगदी अखेरचा टप्पा, म्हणजे मास्ट्रिक्टियन; सुमारे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. फलकावर '६.५ कोटी' असा जुना आकडा टाकू नका. डायनासोरांच्या अस्ताचा आज धरला जाणारा काळ ६.६ कोटी आहे.

खंड: तेव्हाचा भारत आशियाला चिकटलेला नव्हता. तो गोंडवन या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा तुटलेला भाग होता, मादागास्करपासून साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटला होता, आणि डोंगरगावचा प्राणी जिवंत असताना विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेला, उत्तरेकडे सरकत होता. त्यामुळे आपल्या डायनासोरांचे नातेवाईक शोधायचे तर चीन-मंगोलियाआधी मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेकडे बघावं लागतं. राजासॉरसचं मादागास्करच्या माजुंगासॉरसशी असलेलं नातं हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. नकाशा लावणार असाल तर आजच्या भारताच्या नकाशावर डोंगरगावचा ठिपका आणि शेजारी तेव्हाचा नकाशा, असे दोन लावा. एकाच नकाशात दोन्ही दाखवायला गेलं की मुलं समजतात प्राणी मादागास्करहून पोहत आला.

एक खबरदारी. पिसदुऱ्याला शेणाचे जीवाश्म पुष्कळ मिळतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा हा फार मोलाचा पुरावा, आणि तो आपल्या विदर्भातला. पण ते शेण इसिसॉरसचंच होतं हे कुणी सिद्ध केलेलं नाही. टायटॅनोसॉरांचं असावं इतकंच म्हणता येतं. 'इसिसॉरस गवत खात असे' असं वाक्य लिहू नका. 'याच भागातल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे अंश मिळाले आहेत' हे बरोबर.

पारसिक_पायथा

दोघांचेही मनापासून आभार. दोन उपप्रश्न. टायटॅनोसॉरस बाद झाला तर 'टायटॅनोसॉर' हा शब्द फलकावर वापरायचा की नाही? आणि शाळेतल्या एका बाईंनी सुचवलंय की शेजारी राजासॉरस ठेवावा, 'शिकार आणि शिकारी' म्हणून. जमेल का?

नामपट्टी

टायटॅनोसॉर चालतो. तो गटाचा शब्द आहे, शेवटी 'स' नाही, आणि गटाची व्याख्या आता अनेक चांगल्या सांगाड्यांवर उभी आहे. बाद झालं ते एका प्रजातीचं नाव आणि त्यावर बेतलेलं कुलाचं नाव. जाता जाता, लायडेकर यांचे ते मूळ मणके बराच काळ हरवलेले समजले जात. त्यांतला एक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात पुन्हा मिळाला आणि धनंजय मोहबे, शुभाशिस सेन आणि विल्सन यांनी २०१३ मध्ये ते जाहीर केलं. नाव संशयित असलं तरी भारतातला पहिला डायनासोर म्हणून त्या हाडाचं मोल कमी होत नाही.

लमेटा

राजासॉरस शेजारी ठेवा, पण 'शिकार आणि शिकारी' ही ओळ नको. राजासॉरस नर्मदेन्सिस गुजरातमधल्या रहिओलीचा, बालासिनोरजवळचा. सुरेश श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते ८४ दरम्यान हाडं काढली, नाव २००३ मध्ये मिळालं. थर लमेटाच, काळ जवळजवळ तोच, पण डोंगरगावात राजासॉरस मिळालेला नाही आणि त्याने इसिसॉरस खाल्ल्याचा कुठलाही पुरावा नाही. 'त्याच काळातला मांसाहारी' इतकं लिहा. डोक्यावर एकच बुटकं, गोलसर शिंग दाखवा. ते नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून झालेलं आहे, गेंड्यासारखं नाकाच्या टोकावर नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यांत ते टोकदार करतात, ते उचलू नका.

हाडं एकत्र मिळाली की ती एकाच प्राण्याची, असं धरून चालल्याचं उदाहरण हवं असेल तर लमेटासॉरस बघा. जबलपूरला चार्ल्स मॅटली यांनी १९२० च्या दशकात काही हाडं आणि चिलखतासारख्या हाडांच्या चकत्या मिळून एक चिलखती डायनासोर उभा केला. नंतर लक्षात आलं की कंबर आणि पाय मांसाहारी डायनासोरचे आहेत, चकत्या दुसऱ्याच प्राण्याच्या. म्हणूनच 'जोडलेल्या स्थितीत सापडला' हे शब्द इसिसॉरसच्या फलकावर राहू द्या.

काळाकातळ (घणसोली)

मुंब्र्याच्या 'अंड्यां'बद्दल. ती अंडी नाहीत, आणि का नाहीत हे मुलांना दाखवता आलं तर तुमच्या कोपऱ्यातली तीच सगळ्यात चांगली पाटी होईल.

पारसिक, मुंब्रा, येऊर, खारघर, सगळा डोंगर दख्खनच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना आकसतो, उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि दगडाचे चौकोनी ठोकळे होतात. पावसाचं पाणी भेगांतून शिरतं. ठोकळ्याचा कोपरा तीन बाजूंनी झिजतो, कड दोन बाजूंनी, सपाट बाजू एकीकडूनच. त्यामुळे कोपरे आधी जातात, ठोकळा गोल होतो आणि बाहेरून आत एकेक पापुद्रा सुटत जातो. आत राहतो तो कडक काळा गोळा. ठाण्याच्या पावसात हे झपाट्याने दिसतं. रस्त्यासाठी कापलेल्या दरडींत असे गोळे ओळीने बसलेले असतात, आणि ओळ बघून घरट्याचा भास होतो.

पारखायचं असं. एक गोळा हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा लावूनच. अंड्याला एक कवच असतं, आत वेगळं भरण. लमेटातल्या अंड्यांचं कवच काही मिलिमीटर जाडीचं, बाहेरून बारीक पुटकुळ्यांचं, आणि १० पट भिंगाखाली कवचात उभे स्फटिक आणि श्वासाची छिद्रं दिसतात. तुमच्या गोळ्यात पापुद्र्यामागून पापुद्रा निघेल, सगळे एकाच मालाचे, बाहेरचा तांबूस-पिवळा, आतला राखाडी. कवच म्हणून वेगळं काही हाती लागणार नाही. आकारावर जाऊ नका: मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातली डायनासोरची अंडी १५ ते १७ सेंटिमीटरची आहेत (तिथल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये आला), आणि तेवढे गोळे मुंब्र्यात पैशाला पासरी मिळतात.

व्हिनेगर टाकून बघण्याचा सल्ला कुणीतरी देईल. अंड्याचं कवच कॅल्साइटचं, म्हणून फसफसतं, हे खरं. पण आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतही कॅल्साइट भरलेलं असतं, तेही फसफसतं. त्यामुळे बुडबुडे आले म्हणून अंडं ठरत नाही. नाही आले तर मात्र अंड्याची शक्यता जवळपास संपते. त्याच पोकळ्यांतले पांढरे, काट्यांच्या गुच्छासारखे झिओलाइट (एक प्रकारची खनिजं) मुलं 'दात' म्हणून आणतात. फटीत पसरलेली काळी नेच्यासारखी नक्षी मँगनीजच्या क्षारांची असते, वनस्पतीची नाही. भिंगाखाली पानाला शिर दिसत नाही.

आता मूळ मुद्दा, ठाण्यात डायनासोर का नाहीत. लमेटा हा लाव्ह्याच्या खालचा थर. तो दिसतो तो लाव्ह्याच्या कडेला, जिथे लाव्हा पातळ आहे किंवा झिजून गेला आहे: चंद्रपूर, जबलपूर, बालासिनोर. आपल्याकडे लाव्ह्याची चळत प्रचंड जाड. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतले, तेव्हा शेकडो मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे जुना तळखडक, लागला, मध्ये गाळाचा थर नव्हताच. त्यात पनवेल-कल्याण पट्ट्यात लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कललेले आहेत, त्यामुळे मुंबईच्या बाजूला जावं तसा वरचा, नवा लाव्हा भेटतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा खडक सहा ते सव्वासहा कोटी वर्षांचा आहे, डायनासोर संपल्यानंतरचा.

पण निराश होऊ नका, सरीसृप आहेत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये मुंबईत तळ्यांचा गाळ साठला होता. वरळीच्या टेकडीतल्या अशा थरातून कासव मिळालं. हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये त्याला 'टेस्टुडो लेइथी' असं नाव दिलं, डॉ. लेइथ यांच्यावरून. पुढे जॉन ग्रे यांनी त्याला हायड्रास्पिस या प्रजातीत टाकलं आणि विसाव्या शतकात अर्नेस्ट विल्यम्स यांनी कार्टर यांच्याच नावाने नवी प्रजाती केली. आजचं नाव कार्टरेमिस लेइथी (कार्टर, १८५२). नामपट्टी यांनी सांगितलेला कंस इथे पुन्हा बघा. २००३ मध्ये मुंबईतल्याच (अंधेरीजवळच्या) आंबोलीच्या खाणीतल्या नमुन्यावरून सांकुचेमिस सेठनाई हे आणखी एक कासव नोंदलं गेलं, मुंबईचे भूवैज्ञानिक सेठना यांच्या सन्मानार्थ. ही मान आडवी वळवून कवचाखाली घेणाऱ्या कासवांच्या गटातली. अशी कासवं आज भारतात रानात नाहीत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडे आहेत.

ठाण्याच्या मुलांसाठी दुसरा, छोटा फलक या कासवाचा करा. वरळीच्या त्याच थरांतला बेडूकही प्रसिद्ध आहे, इंडोबॅट्राकस पुसिलस (ओवेन, १८४७), पण तो उभयचर. 'सरीसृप' या मथळ्याखाली लावू नका.

पारसिक_पायथा

गोळे आता 'ही अंडी का नाहीत' या पाटीखाली लावतो, एक फोडलेला, एक अख्खा. कासवाचा फलकही पक्का. मॉडेलवर कुणी बोलेल का? टेबल साडेचार फुटी आहे.

शाडू_आणि_तार (ठाणे)

१:२५ प्रमाण धरा. १८ मीटरचा प्राणी ७२ सेंटिमीटर होतो, दंडाचं हाड ५.९ सेंटिमीटर, आणि शेजारी उभं करायचं माणूस साडेसहा सेंटिमीटरचं. १:२० केलंत तर ९० सेंटिमीटर होईल, टेबलावर मावेल, पण शेपूट कडेकडे जाईल आणि पहिल्याच तासाला कुणाच्या तरी दप्तराने मोडेल.

आधी १२ मिलिमीटर प्लायवर चार भोकं पाडा. पायांच्या तारा त्यातून खाली काढून दुमडा आणि चुका ठोका; वरून चिकटवलेले पाय टिकत नाहीत. पाठ-मान-शेपूट एकाच अखंड जीआय तारेची, ८ गेजची. पायांना १० गेज चालेल, बांधायला बाइंडिंग वायर. पोटाचा फुगवटा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने करा, दोऱ्याने आवळा. तारेवर शाडू धरत नाही, म्हणून सगळीकडे सुतळी गुंडाळून वर फेविकॉलचं पाणी मारा.

नुसता शाडू लावू नका. वाळताना तो आकसतो, तार आकसत नाही, आणि मानेला आडव्या चिरा जातात. भिजवून वाटलेला कागदाचा लगदा साधारण चौथा हिस्सा मिसळा. एका वेळी अर्धा सेंटिमीटरचा थर, तो सावलीत घट्ट झाल्यावर दुसरा, आधीच्या थरावर रेघोट्या मारून. पंख्याखाली थेट ठेवलंत तर एक बाजू आधी वाळून मान तिकडे ओढली जाते. दमट हवेत पूर्ण वाळायला आठवडा धरा. रंग त्याआधी दिला तर पोपडे येतात.

घडण. इसिसॉरसचे पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ खांद्याकडे चढती करा. मान इतर टायटॅनोसॉरांच्या तुलनेत आखूड, बुंध्याशी भक्कम आणि वर रोखलेली. चित्रांमधली सापासारखी लांब आडवी मान दुसऱ्यांची आहे, ती इथे आणू नका. शेपूट जमिनीला टेकवू नका. पुढच्या पावलांना हत्तीसारखी नखं काढायचा मोह होतो. टायटॅनोसॉरांच्या पुढच्या पायांना साधारणपणे बोटं-नखं उरलेलीच नव्हती, तळव्याची हाडं खांबासारखी उभी होती. नुसता गोलसर, मागून किंचित खोलगट खांब ठेवा.

डोकं, मागचे पाय आणि पावलं सांगाड्यात नाहीत. ते भाग फिकट रंगात रंगवा आणि खाली लिहा: 'फिकट भाग नातेवाईक प्राण्यांवरून कल्पिलेले'. मागच्या पायांत तार नीट ताणून सरळ ठेवा. भार त्यांच्यावरही येतो आणि वाळण्याआधी गुडघ्यात वाकले तर सगळं मॉडेल बसतं.

नामपट्टी

मॉडेलशेजारी शेपटीचे दोन मणकेही करा, मुठीएवढे, सुटे. पुढून वाटी, मागून गोळा. वाटी गोळ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवा, नाहीतर रंगाच्या थराने अडकून बसते. मणक्यावर 'डोकं इकडे' असा बाण रंगवा, कारण मुलं तो हटकून उलटा धरतात आणि मग गोळा पुढे येतो. हे दोन तुकडे मुलांच्या हातात द्यायचेत, तेव्हा शाडूऐवजी कागदाच्या लगद्याचे करा आणि एक जोडी जास्तीची ठेवा.